मुलीला कुठल्या शहरात पाठवू?

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

तुमच्यापैकी निम्म्याजणी मला ओळखतात. मी इथलीच. बँकेत नोकरी केली आणि बदल्यांच्या निमित्तानं मुंबई, दिल्ली, पुणं, नाशिक असा फेरा करून निवृत्तीनंतर पुन्हा गावात आले. आल्यापासून एक प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. बारावीचा निकाल लागला की हमखास कोणीतरी दारात उभं राहतं. "ताई, तुम्ही सगळी शहरं बघितलीत. मुलीला कुठं पाठवू? पुण्याला की मुंबईला? दिल्ली तर नकोच ना?"

मुलाच्या आईनं मला हा प्रश्न आजवर विचारलेला नाही. मुलाच्या बाबतीत फी किती, मेस कशी, नोकरी लागते का, एवढंच विचारतात. मुलीच्या बाबतीत आधी शहराचं चारित्र्य तपासायचं आणि मग कॉलेजकडे वळायचं!

आज या प्रश्नावरच बोलायचं ठरवलं आहे. त्याला दोन कारणं आहेत. एक आपल्या गावात मागच्या महिन्यात घडलं, ते तुम्हाला माहीतच आहे. दुसरं माझ्या घरातलं. या प्रश्नाला मी एकदा फार आत्मविश्वासानं उत्तर दिलं होतं आणि ते उत्तर चुकलं. तेही सांगणार आहे.

आधी मुंबईचं सांगते. १९८४ साली मी तिथं रुजू झाले तेव्हा आईनं देवापाशी नारळ ठेवला होता. पण पंधरा दिवसांत माझी भीती गेली. रात्री साडेनऊ-दहाच्या लोकलला बायकांच्या डब्यात बसायला जागा नसायची. कोणी मटार सोलतंय, कोणी मेथी निवडतंय, कोणी उभ्या उभ्या झोपलंय. १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली मार्गावर आख्खी लेडीज स्पेशल गाडी सुरू झाली, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. स्टेशनबाहेर वडापावची गाडी, फुलवाली, पानवाला, रिक्षांची रांग. घरी पोचेपर्यंत रस्त्यावर माणूस नाही असं कधी झालं नाही. परळ-लालबागच्या जुन्या बायका सांगायच्या की गिरण्या तीन पाळ्यांत चालत होत्या तेव्हा गिरणगाव रात्रभर जागंच असायचं. पाळी सुटली की मध्यरात्रीसुद्धा रस्ता भरून जायचा.

मग १९९४ साली दिल्लीला बदली झाली. ऑफिस सुटल्यावर बसथांब्यावर उभी राहिले की एका बाजूला सहापदरी रस्ता आणि दुसऱ्या बाजूला कुठल्या तरी सरकारी वसाहतीची लांबच लांब भिंत. दुकान नाही, टपरी नाही, खिडकी नाही. साडेसातला रस्ता सामसूम. बसमध्ये चढले की दुसऱ्याच दिवशी शेजारच्या बाईनं काही न बोलता माझ्या हातात एक सेफ्टी पिन ठेवली. ती कशासाठी, हे मला विचारावं लागलं नाही. तीन वर्षं ती माझ्या पर्सच्या पट्ट्याला होती.

म्हणजे मुंबई चांगली आणि दिल्ली वाईट, असंच मी वर्षानुवर्षं म्हणत आले. आणि त्याचं कारणही सगळ्यांसारखंच द्यायची: तिकडचे पुरुषच तसले, आपल्याकडे तसं नाही. मैत्रिणींनो, हे बोलताना आपल्याला फार बरं वाटतं. पण जरा आठवून बघू या. १९७२ साली मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच बलात्कार झाला, ते ठाणं देसाईगंजचं. त्या वेळचा चंद्रपूर जिल्हा, आपला महाराष्ट्र. सर्वोच्च न्यायालयानं त्या पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं आणि त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ चा कायदा त्यातून झाला. २००५ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या पोलीस चौकीत एका शिपायानं कॉलेजमधल्या मुलीवर बलात्कार केला. दिवसाढवळ्या, मुंबईतल्या सगळ्यात गजबजलेल्या रस्त्यावर. तेव्हा 'आपले पुरुष' आणि 'तिकडचे पुरुष' ही वाटणी आपण सोडून देऊ या.

मग दोन्ही शहरांत मला जो फरक जाणवला तो खोटा होता का? नाही, तो खरा होता. पण तो माणसांच्या जातीत नव्हता, तो रस्त्यात होता. जिथं घरं, दुकानं, कारखाने, बाजार एकमेकांत मिसळलेले असतात तिथं रस्त्याला डोळे असतात. जिथं राहायची वसाहत एकीकडे, कचेऱ्या दुसरीकडे आणि मधे मोटारींसाठी रुंद रस्ता असतो, तिथं संध्याकाळी चालणारी बाई एकटी पडते. बस वेळेवर येते का, दिवे लागतात का, फुटपाथ आहे का, बायका कामासाठी बाहेर पडतात का, यावर ते ठरतं. आणि मुंबईतही हे कायमचं नसतं. १९८२ चा संप झाला, एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, आणि जिथं तीन पाळ्यांची वर्दळ होती तिथं पडकी आवारं राहिली. २२ ऑगस्ट २०१३ रोजी महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या अशाच ओसाड आवारात एका तरुण छायाचित्रकार पत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. ती आपल्या कामासाठी, संध्याकाळी, सहकाऱ्याबरोबर गेली होती.

या घटनेतली एक गोष्ट पेपरात बरीच मागे राहिली. त्या मुलीनं तक्रार केल्यावर आणखी एक मुलगी पुढं आली. टेलिफोन ऑपरेटरचं काम करणारी. तिच्यावर त्याच जागी, ३१ जुलैला, म्हणजे तीन आठवडे आधी बलात्कार झाला होता. तोपर्यंत ती कुणापाशी तक्रार करू शकली नव्हती. मी तिला दोष देत नाही. मी फक्त एवढंच म्हणते की ते तीन आठवडे मुंबईच्या कागदावर ती जागा 'सुरक्षित' होती.

आता कागदाकडे येते. आपण पेपरात वाचतो: अमुक शहर गुन्ह्यांत पहिलं, तमुक दुसरं. हे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे असतात. त्यातला 'नोंद' हा शब्द नीट वाचा. जो गुन्हा नोंदवला गेला तोच त्यात असतो. २०१० च्या अहवालात देशातल्या मोठ्या शहरांत गुन्ह्यांचा दर सगळ्यात जास्त कुठं होता, माहीत आहे? केरळातल्या कोचीत. कोची म्हणजे देशातलं सगळ्यात भयंकर शहर, असं तिथं राहिलेलं कोणीही म्हणणार नाही. तिथं लोक शिकलेले, हक्क माहीत असलेले, ठाण्यात जायला न घाबरणारे. साध्या साध्या गोष्टींची नोंद होते. ज्या शहरात ठाण्याची पायरी चढायलाच भीती वाटते, त्या शहराचा आकडा लहान दिसतो.

दिल्लीचं बघा. १६ डिसेंबर २०१२ ला चालत्या बसमधली ती घटना झाली. सगळा देश हादरला. २०१२ मध्ये दिल्लीत बलात्काराच्या ७०६ तक्रारी नोंदवल्या गेल्या होत्या. २०१३ मध्ये १,६३६. दुपटीहून जास्त. एका वर्षात दिल्लीतले पुरुष दुपटीनं वाईट झाले का? तसं मला वाटत नाही. न्यायमूर्ती वर्मा समितीनं महिनाभरात अहवाल दिला, कायदा बदलला. लैंगिक गुन्ह्याची फिर्याद नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद आली. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे, लक्षात ठेवा. आणि मुख्य म्हणजे, हजारो मुलींना वाटलं की आपण बोललो तर कोणीतरी ऐकेल. तेव्हा वाढलेला आकडा वाचून 'बघा, शहर बिघडलं' म्हणण्याआधी थोडं थांबायला हवं. कधी कधी आकडा वाढतो तो धीर वाढला म्हणून.

आणखी एक. सुरक्षित म्हणजे कोणासाठी सुरक्षित? डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मी मुंबईत होते. ज्या शहराचं मी आत्ता एवढं कौतुक केलं त्याच शहरात तेव्हा सुमारे ९०० माणसं मारली गेली. आमच्या शाखेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुसलमान मैत्रीण होती. दंगलीनंतर ती कामावर आली तेव्हा तिनं मला बाजूला नेऊन टिकलीचं पाकीट मागितलं. "फक्त गाडीत लावते गं," म्हणाली. त्याच गाडीत, त्याच बायकांच्या डब्यात, जिथं मी बिनघोर झोपायची. मार्चमध्ये तिनं ते पाकीट मला परत आणून दिलं, त्यातल्या चार टिकल्या कमी होत्या. मुंबई सुरक्षित आहे असं मी अजूनही म्हणते. पण म्हणताना ते पाकीट आठवतं.

तसंच पहाटे पाचला रस्ता झाडणाऱ्या बायकांचं, कचरा वेचणाऱ्या बायकांचं. अंधारात, मोकळ्या रस्त्यांवर, उकिरड्यांच्या आडोशाला त्या काम करतात. मुलीनं दिवेलागणीला घरात यावं म्हणणाऱ्या कुठल्याही गृहस्थाला मी त्यांच्या सुरक्षिततेची काळजी करताना पाहिलं नाही. कारण त्या आत बसल्या तर आपल्या दारातला कचरा कोण उचलणार? म्हणजे बाईनं रात्री बाहेर असण्याला समाजाची हरकत नाही. हरकत कोणत्या बाईला आहे, ते बघायचं.

आता माझ्या घरातली गोष्ट. ही माझ्या भाचीची आहे आणि तिला विचारून सांगते आहे.

२००६ साली तिला दिल्लीतल्या एका विद्यापीठात एम. ए. ला प्रवेश मिळाला. माझ्या बहिणीचा मला नाशिकला फोन आला. "तू तीन वर्षं राहिलीस ना दिल्लीत? पाठवू का?" मी ताबडतोब म्हटलं, मुळीच नको. सेफ्टी पिनची गोष्ट तिला पुन्हा ऐकवली. पुण्यात आमचे जवळचे नातेवाईक होते. मोठं घर, देवधर्म करणारी माणसं. मीच त्यांना फोन केला, मीच तिची सोय लावली. पोरगी रडली, पण गेली. वर्ष पूर्ण व्हायच्या आत ती शिक्षण अर्धवट टाकून घरी परत आली. "पुणं मानवलं नाही," एवढंच म्हणाली. आम्हीही म्हटलं, असेल, हॉटेलचं खाणं असेल, अभ्यासाचा ताण असेल. चार दिवस हळहळलो आणि विसरलो.

जानेवारी २०१३ मध्ये ती माझ्याकडे आली होती. टीव्हीवर दिल्लीतली निदर्शनं चालली होती. थंडीत पोरी घोषणा देत होत्या, पोलीस पाण्याचे फवारे मारत होते, ती चित्रं परत परत दाखवत होते. मी सहज म्हटलं, "बरं झालं बाई, तुला तेव्हा दिल्लीला पाठवलं नाही." ती उठली, तिनं टीव्ही बंद केला आणि माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "मावशी, मला तू ज्या घरात ठेवलंस तिथं काय झालं, ते तू मला कधी विचारलं नाहीस."

त्या घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषानं तिला आठ महिने छळलं होतं. ती रात्री दाराला खुर्ची लावून झोपायची. संध्याकाळी सातच्या आत घरात आलंच पाहिजे असा नियम होता आणि तो नियम लावणारा तोच होता. बाहेर रस्त्यावर, लायब्ररीत, बसमध्ये तिला जेवढं सुरक्षित वाटायचं तेवढं त्या घरात कधी वाटलं नाही. सहा वर्षं तिनं हे पोटात ठेवलं. कारण त्या घराची हमी मी दिली होती.

त्यानंतर मी आकडे पुन्हा वाचायला लागले, यावेळी वेगळ्या नजरेनं. दरवर्षीचा अहवाल सांगतो की बलात्काराच्या नोंदलेल्या शंभरातल्या नव्वदाहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक, लग्नाचं वचन देणारा मित्र. २०२२ मध्ये देशात स्त्रियांवरच्या अत्याचाराचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले. त्यातला सगळ्यात मोठा वाटा, जवळपास एक तृतीयांश, नवऱ्यानं आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा होता. आणि हे नोंदलेले. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के होत्या. शहरांची यादी करून क्रमांक लावणारे पेपर, घरांची यादी कधी करत नाहीत.

याचा अर्थ रस्त्यावरची भीती खोटी, असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या बसमधले हात खोटे नव्हते. पण भीतीचं माप आपल्याला चुकीच्या ठिकाणी लावायला शिकवलं आहे. अनोळखी माणूस, अंधार, परकं शहर यांची भीती घातली की मुलगी घरात राहते. घराबद्दल कोणी बोलत नाही.

आणि आपल्या कायद्याचीही वर्षानुवर्षं हीच रीत. १९४८ च्या कारखाने कायद्यानं बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला मनाई केली. हेतू संरक्षणाचा. परिणाम काय, तर रात्रपाळीचा भत्ता आणि बढती पुरुषांना. डिसेंबर २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ते कलम घटनेच्या विरोधात ठरवलं. आपल्या राज्यात दुकानांतल्या बायकांना रात्री काम करायची वाट २०१७ च्या कायद्यानं मोकळी झाली, तीही त्यांच्या संमतीनं आणि वाहनाची, संरक्षणाची सोय मालकानं करायची या अटीवर. ही अट मला आवडते. बाई बाहेर आली की धोका आहे, तर धोका कमी करण्याची जबाबदारी कोणाची, हे तिथं लिहिलेलं आहे.

आता मागच्या महिन्याचं. एस.टी. स्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी पावणेआठला, क्लासहून येणाऱ्या एका मुलीची सोनसाखळी मोटरसायकलवरच्या दोघांनी हिसकावली. दुसऱ्याच आठवड्यात मुलींच्या वसतिगृहाचं फाटक साडेआठऐवजी साडेसहाला बंद व्हायला लागलं. सहा ते आठचा क्लास बुडाला, लायब्ररी बुडाली. एका मुलीची संध्याकाळची दुकानातली नोकरी गेली. चोरी केली दोघांनी आणि आत बसल्या चाळीसजणी. पालक म्हणतात, बरं झालं. मला त्यांचा राग येत नाही. मीही तेच केलं होतं.

पण त्या रस्त्यावर काय आहे, हे कोणी पाहिलं का? आम्ही चौघीजणी परवा संध्याकाळी वही घेऊन चालत गेलो. ही पद्धत आमची नाही. कॅनडात टोरंटोच्या बायकांनी १९८९ मध्ये ती बसवली, दिल्लीत जागोरी संस्थेनं ती वापरली. आठ-दहाजणींनी अंधार पडल्यावर एकत्र चालायचं आणि लिहून काढायचं: दिवे किती, चालू किती, फुटपाथ आहे का, आडोसे कुठं, हाक मारली तर ऐकायला कोण, बायकांसाठी मुतारी कुठं. आम्हाला काय दिसलं? चढावरचे ओळीनं चार दिवे बंद. जिथं पूर्वी भाजीच्या आणि भजीच्या गाड्या लागायच्या तिथं अतिक्रमण म्हणून त्या हटवलेल्या, आता पत्र्याचं कुंपण. साखळी नेमकी तिथंच गेली. भजीवाली बाई रात्री नऊपर्यंत बसायची. तिला हलवली आणि मग मुलींना कोंडलं.

२०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांवर एक पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा मला फार पटतो. त्या म्हणतात की मुंबईतसुद्धा बाईला बाहेर असण्यासाठी कारण दाखवावं लागतं. कामाची घाई, हातात पिशवी, कानाला फोन. नुसतं उभं राहायचा हक्क तिला नाही. विचार करा, आपल्या गावात नळ आला नाही म्हणून, दळण म्हणून, देऊळ म्हणून आपण बाहेर पडतो. चहाच्या टपरीवर बिनकामाची बसलेली बाई कधी पाहिलीत? पण अशा बायका बाहेर असतील तरच पुढच्या मुलीला तो रस्ता मोकळा वाटेल. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट झालं. तेव्हापासून संध्याकाळच्या गाड्यांत बायकांची गर्दी किती वाढली, ते आपण बघतोच. सुरक्षितता अशीही वाढते.

मग मुलीला कुठं पाठवू? आता कोणी विचारलं की मी आधी मुलीलाच विचारते, तुला काय शिकायचंय? ते जिथं चांगलं शिकवतात तिथं जा. जाताना बसचा मार्ग बघ, वसतिगृहात कोणाशी बोलता येईल ते बघ, ११२ नंबर लक्षात ठेव. आणि आईला सांगते: रोज फोनवर 'जेवलीस का' विचारता, तसं 'तिथं राहायला बरं वाटतं का' हेही विचारा. तिनं 'नाही' म्हटलं तर तिचं ऐका, माणूस कितीही जवळचा असला तरी. आणि काहीही झालं तरी तू घरी सांगितलंस म्हणून तुझं शिक्षण बंद करणार नाही, हे जायच्या आधीच तिला शब्द देऊन सांगा. निम्म्या मुली त्याच भीतीनं गप्प बसतात. माझी भाची त्याच भीतीनं गप्प बसली होती. आता ती नोकरी करते. दिल्लीत.

येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसातला एस.टी. स्टँडपाशी जमायचं आहे. वही मी आणते. वसतिगृहाच्या मुलींना बाहेर पडता येणार नाही, म्हणून त्यांच्या आयांनी यावं. रस्ता पुन्हा चालू, यादी पुरी करू आणि सोमवारी ती नगरपालिकेत देऊ: दिवे लावा, गाड्यांना जागा द्या. त्यानंतर वसतिगृहात जाऊन फाटकाच्या वेळेबद्दल बोलू. काम झाल्यावर लगेच घरी पळायचं नाही. भजीवाली बाई हल्ली स्टँडच्या मागं बसते. तिथं चहा घेऊ, थोडं बसू. कोणी विचारलं 'इथं काय करताय' तर सांगायचं, काही नाही, बसलोय.